ऑक्सफर्ड दोन तासांत उरकण्याची रीत

मे महिन्याच्या सुट्टीत लेकराबाळांसह, टूरच्या बसमधून ऑक्सफर्डला निघालाय? झकास. मी नुकताच जाऊन आलोय, तेव्हा चार गोष्टी सांगायचा हक्क मला पोचतो.

बसमधून उतरल्या उतरल्या "युनिव्हर्सिटी कुठाय?" असं विचारा, आणि मोठ्याने विचारा. तीसहून जास्त कॉलेजं गावभर विखुरलीयत, ती सगळी मिळून युनिव्हर्सिटी, असं कोणी समजावू लागलं तर ऐकून घेऊ नका. एक मोठं गेट आणि वर पाटी दिसल्याशिवाय आपले पैसे वसूल होत नसतात.

अ‍ॅशमोलियन म्युझियम १६८३ पासून आहे आणि तिकीट नाही. फुकट आहे म्हणजे आत काही नसणार. सोडून द्या.

बॉडलियन लायब्ररी १६०२ सालची. आत आग पेटवणार नाही, अशी शपथ तिथे वाचकाला अजून घ्यावी लागते, आणि राजा पहिला चार्ल्स यालाही त्यांनी पुस्तक घरी नेऊ दिलं नव्हतं. हे गाइड सांगत असताना समोरच्या दुकानातले फ्रिजला लावायचे मॅग्नेट बघून घ्यावेत.

क्राइस्ट चर्चमध्ये त्या जादूगार पोराच्या सिनेमातला जिना आहे. जिन्यावर फोटो. संपलं कॉलेज.

नदीत पंट, म्हणजे बांबूने रेटायची सपाट नाव, चालवायला मिळते. बांबू चिखलात रुतला तर बांबू सोडा, नावेला धरून राहा. (हा सल्ला खरा आहे.)

आमच्या बसमध्ये निम्मे नाशिकचे होते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली इथल्या समरव्हिल कॉलेजात आल्या. बाईमाणसाला कायद्याच्या परीक्षेला बसू द्यावं म्हणून युनिव्हर्सिटीला खास ठराव करावा लागला. १८९२ साली त्यांनी परीक्षा दिली, पण बायकांना पदवी द्यायला इथे १९२० उजाडलं. मी हे बसमध्ये सांगायला गेलो, तर मागून आवाज आला, "जेवण किती वाजता?" बरोबरच आहे. आधी पोटोबा.

आता मुख्य आकर्षण. हाय स्ट्रीटवर सकाळी काळा गाऊन घातलेली, छातीवर पांढरं फूल लावलेली पोरं लगबगीने चाललेली दिसतील. त्यातली एखादी पकडा. आमच्या लोकांनी पकडली. "काँग्रॅच्युलेशन्स! पासआउट का?" म्हणत तिला मध्ये उभी केली. आधी बायका, मग काका मंडळी, मग सगळ्यांचा मिळून एक, मग डोळे मिटले म्हणून परत एक. एका काकूंनी तिची टोपी मागितली, नातवाच्या डोक्यावर ठेवायला. ती बिचारी हसत होती, घड्याळ दाखवत होती. ती सॉरी म्हणाली की आमचे म्हणायचे, "नो प्रॉब्लेम, वन मोअर!"

अहो, पांढरं फूल म्हणजे पहिला पेपर! मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्याला लाल. पासआउट कसली, तिची परीक्षा अजून सुरूही झाली नव्हती. हॉल पुढेच होता. पोरीच्या ओठांवर उत्तरं घोळत असतील आणि आम्ही तिला "स्माइल प्लीज" करत होतो. आपल्या पोराचा बोर्डाचा पेपर असला की घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, हातावर दही, दारात कोणी शिंकलं तरी डोळे वटारतो आपण. आणि दुसऱ्याची लेक पेपरला निघाली तर तिला भर रस्त्यात अडवून उभी करायची? पैसे भरले म्हणजे गाव विकत घेतलं का? तिथली माणसं काय तुमच्या फोटोंसाठी पगारावर ठेवलीत?

लाज वाटायला हवी होती. मलाही. फुलाचं मला ठाऊक होतं, तरी तो सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो मीच काढला, कारण "तुम्ही उंच आहात" म्हणून फोन माझ्या हातात दिला होता. फोन परत देऊन "सोडा तिला" एवढं म्हणायला मला कोणी अडवलं होतं?