आमंत्रण नाहीये, पण या

आज सकाळी इन्शुरन्सवाल्याचा फोन. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या तळ्याकाठच्या केबिनची पॉलिसी रिन्यू करायची होती, पाच मिनिटांचं काम. शेवटी सहज विचारल्यासारखं, पाण्यात राफ्ट आहे का? म्हटलं आहे की, खाली निळी पिंपं, वर फळ्या, पोरं त्यावरून मुटके मारतात. तर म्हणे काढून टाका, नाहीतर प्रीमियम वाढेल. डोकंच फिरलं!

अरे, चोरून टाकलाय का राफ्ट? इथला कायदा सरळ आहे, काठ ज्याचा त्याला पोहायचा राफ्ट परमिटशिवाय टाकता येतो. काठापासून 200 फुटांच्या आत हवा, शेजाऱ्यांच्या हक्काला आणि लोकांच्या वापराला अडथळा नको, संपलं. आमचा तर 60 फुटांवरसुद्धा नाही. आणि पाणी काही आपल्या बापाचं नाही, तळं सगळ्यांचं, कुणाच्या बोटीतली पोरं आमच्या राफ्टवर येऊन बसली तर मी कधी हाकललं नाही.

वाईकडच्या आमच्या गावात आबांची विहीर होती. विहीर आबांची, पोरं अख्ख्या गावची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी तिथंच शिकलो. आबा काठावर तंबाखू मळत बसायचे आणि मधेच ओरडायचे, "डोकी वर काढा रे!" मग मोजायचे. प्रीमियम वगैरे काही नाही, नुसती मोजणी.

हां, तेव्हाही पोरं बुडायची, माहितीये मला. लगेच कमेंटमध्ये लिहू नका.

पण खरा विनोद पुढे आहे. अनोळखी पोरगा न विचारता राफ्टवर चढला आणि हात मोडून घेतला, तर इथे भरपाईच्या दाव्यापासून मालकाला बऱ्यापैकी संरक्षण आहे. मुद्दाम काही केलं असेल किंवा लोकांना पोहायला देऊन वर्षाला 2,000 डॉलरच्या वर कमावत असाल तर नाही. पण ज्याला तुम्ही स्वतः "रविवारी ये रे" म्हणून बोलावलंत, तो तुमच्या घरच्या जागेत पडला की ते संरक्षण गेलं! म्हणजे आगंतुक परवडला, पाहुणा नाही. आपल्यासारख्यांनी करायचं काय, ज्यांच्याकडे आग्रहाशिवाय कुणी चहासुद्धा घेत नाही?

आबांना हे सांगितलं असतं तर तंबाखू थुंकून हसले असते.

आता जरा शांत झालोय. फोनवर आवाज चढवला ते चुकलंच, त्या बिचाऱ्या पोराने समोरच्या स्क्रीनवरचा प्रश्न वाचला फक्त. आणि खरं सांगू का, एवढा राग यायला कारण आहे. गेल्या जुलैत लेकीचा एक मित्र राफ्टखाली गेला आणि वर येईना. दहा सेकंद असतील. दोन पिंपांच्या मधे डोकं काढून खिदळत होता गाढव. मी तेव्हा कुठे होतो? ग्रिलवर कणसं भाजत होतो, पाण्याकडे पाठ करून. आबा असते तर मला तिथंच लाथ घातली असती. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही, आता वाचेलच.

तर राफ्ट राहणार, प्रीमियम भरणार. रविवारी कणसं दुसरं कुणीतरी भाजा, मी डॉकवर खुर्ची टाकून बसणारे आणि दर पाच मिनिटांनी ओरडणारे, पोरांना लाज वाटली तरी. पोहता न येणाऱ्यांना लाइफ जॅकेट.

आणि हे आमंत्रण नाहीये बरं का, मी कुणालाही नाव घेऊन बोलावलेलं नाही. पण येणार असाल तर वडे किती तळायचे तेवढं कळवा.