मोरदड तांडा नावाचं स्टेशन

चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीत बसलात की राजमाने गेल्यावर एक पिवळी पाटी येते. मोरदड तांडा. गाडी मिनिटभर थांबते, चार बाया डोक्यावर बोचकी घेऊन उतरतात, एखादा पोरगा मोटारसायकल घेऊन कुणाला तरी न्यायला आलेला असतो, आणि गाडी शिरूडकडे निघते. या पाटीसमोरून मी लहानपणापासून किती वेळा गेलो असेन त्याला गणती नाही. पण तिशी उलटेपर्यंत ती पाटी कधी नीट वाचली नव्हती.

तांडा! रेल्वेच्या स्टेशनाचं नाव तांडा.

रेल्वे यायच्या आधी आपल्या खान्देश-वऱ्हाडातला कापूस, धान्य, मीठ वाहायचं कोण? लमाण-बंजारा. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून त्यांचे तांडे घाट चढायचे, घाट उतरायचे. ज्या वाटेला बैलगाडी जात नाही तिथे बैल जातो, हेच त्यांचं भांडवल. फौजांना धान्य पुरवणारे हेच लोक. मग रूळ आले, आणि जो माल पोचवायला तांड्याला महिना लागे तो दोन दिवसांत मुंबईला जायला लागला. एका पिढीत धंदा बसला. पुढे गुन्हेगार जमाती कायदा आला आणि यांच्यातल्या कित्येकांच्या मागे हजेरी आणि चौकी लागली. बैल विकले गेले, तांडे डोंगराच्या कडेला, हलक्या जमिनीवर स्थिरावले. चाळीसगाव तालुक्यात फिरा, दर चार-पाच मैलांवर एक तांडा भेटेल. आणि ज्या रेल्वेनं हा धंदा मोडला, तिच्याच एका स्टेशनावर त्यांचं नाव तीन भाषांत रंगवलेलं आहे. हे कुणी ठरवून केलेलं नसणार. पण मला तरी ती पाटी आता नुसती पाटी वाटत नाही.

हे सगळं लिहायला निमित्त झालं ते मनमाड–इंदूर मार्गाचं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली : 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवी स्टेशनं. धुळ्यात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. वाजायलाच हवेत, या मागणीत दोन-तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. पण त्या दिवसापासून माझ्या व्हॉट्सअॅपवर जे 'खान्देशच्या रेल्वेचा गौरवशाली इतिहास' छापाचे निरोप फिरताहेत ते वाचून चिडचिड होते. सगळ्यांत इंजिन, साहेब आणि सन. डोंगर कुठेच नाही. आणि माझं म्हणणं असं की डोंगर वगळून आपल्या रेल्वेबद्दल काही बोलताच येत नाही, कारण आपल्याकडच्या रेल्वेचा इतिहास म्हणजे डोंगर चुकवण्याचा इतिहास आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री. मधे तापी-गिरणेचं खोरं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, या कंपनीच्या लोकांनी काय केलं? मनमाडच्या पठारावरून नांदगाव, नायडोंगरी, हिरापूर असं हळूहळू उतरत चाळीसगाव गाठलं, आणि तिथून सपाटीनं कजगाव, पाचोरा, माहेजी, जळगाव, भुसावळ. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती बघत चला. मनमाडला पावणेसहाशे मीटरच्या आसपास, जळगावला दोनशेच्या जरा वर. एवढं आपण उतरतो आणि चहाचा कपही हिंदकळत नाही. पुढे भुसावळनंतर तापी ओलांडून रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा. तिथे सातपुडा आडवा येतो, पण नेमकी खिंडही तिथेच आहे, अशीरगडापाशी. ज्या खिंडीतून उत्तरेच्या फौजा दक्षिणेत उतरायच्या, ज्या खिंडीवरचा किल्ला घ्यायला अकबराला स्वतः यावं लागलं, त्याच खिंडीतून आज पंजाब मेल जाते. वाट तीच, फक्त खाली खडी आणि रूळ.

गंमत अशी की खान्देशात गाडी धावायला लागली तेव्हा खाली कसाऱ्याचा थळ घाट अजून तयारच नव्हता. आपल्याकडे 1860 नंतरच्या दोन-तीन वर्षांत रूळ पडले, घाट खुला झाला 1 जानेवारी 1865 ला. म्हणजे मधली काही वर्षं माल इगतपुरीपर्यंत रेल्वेनं, घाट बैलांनी, आणि कसाऱ्यापासून पुन्हा रेल्वेनं. लमाणांच्या बैलांना शेवटचं मोठं काम रेल्वेनंच दिलं असेल तर नवल नाही. त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा जुळला आणि मुंबई–कलकत्ता सलग झालं. भुसावळ हे त्या रस्त्यावरचं मोठं ठाणं. इंजिन बदला, कोळसा घ्या, पाणी घ्या. भुसावळचं शहर असं उभं राहिलं, राजवाड्याशिवाय आणि तीर्थाशिवाय.

आणि धुळे? जिल्ह्याचं ठाणं धुळे, कचेरी धुळ्याला, मुंबई–आग्रा रस्ता धुळ्यावरून. रेल्वे मात्र तीस-पस्तीस मैल दक्षिणेनं निघून गेली. धुळ्याला गाडी यायला 1900 साल उजाडलं, तीही चाळीसगावहून फाटा काढून. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही आणि जळगावला आहे. मग 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले आणि पूर्वेचं ठाणं जळगाव झालं, यात आश्चर्य कसलं? शेजारच्या नशिराबादसमोर एके काळी जळगाव कोण विचारत होतं! धुळेकरांना हे अजून टोचतं. माझे सासरे धुळ्याचे आहेत, त्यामुळे या विषयावर घरात मी जपून बोलतो.

त्याच सुमाराला तापी खोऱ्यातून सुरतेकडे दुसरा मार्ग झाला. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. नवापूरचं स्टेशन आता निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे, लोक तिथल्या बाकड्यावर बसून फोटो काढतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. पण हाही मार्ग सातपुड्याला बगल देऊनच. रावेर, निंभोरा, सावद्याची केळी दिल्लीला जातात, कारण रूळ सातपुड्याच्या पायथ्याला आहे. पायथ्यापासून आत गेलात की संपलं. धडगावच्या माणसाला रेल्वे पकडायची तर आजही चांदसैलीचा घाट उतरून नंदुरबारला यावं लागतं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, याच चाळीसगाव–धुळे फाट्यावर चाबीवाले होते. चाबीवाला म्हणजे रोज ठरलेल्या टप्प्यातला रूळ पायी तपासणारा माणूस. लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर, कमरेला लाल-हिरवी झेंडी, पिशवीत दोन-चार जादा चाव्या आणि भाकरी. रूळ ज्या खिट्टीनं स्लीपरला आवळलेला असतो ती चावी सैल झालेली दिसली की हाणायची. हाणायच्या आवाजावरून त्यांना कळायचं ती बसली की नाही. मला त्यांनी एकदा दाखवलं होतं : पक्की बसली की आवाज कोरडा येतो, सैल असली की झिणझिणतो. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. थंडीत दोन रुळांच्या सांध्यात नख जायचं, मे महिन्यात तीच फट मिटून कागद जाईना. अशा वेळी दुपारी बारानंतर खास गस्त असायची, कारण फुगलेल्या रुळाला जागा मिळाली नाही तर तो साप वळावा तसा बाजूला वळतो. आप्पा घरी येऊन डोक्यावर तांब्या ओतायचे आणि एवढंच म्हणायचे, "आज रूळ तापना रे भो." म्हणजे, आज रूळ तापला रे भाऊ.

त्यांच्या टोळीत निम्मे लोक तांड्यांवरचे होते. ज्यांच्या पणजोबांचे बैल रेल्वेनं बसवले, त्यांची नातवंडं त्याच रेल्वेची खडी भरत होती.

माझं आजोळ शेंदुर्णी. म्हणजे पीजे. पाचोरा–जामनेर, छप्पन्न किलोमीटर, अडीच फुटी रूळ. पहिलं महायुद्ध संपता संपता सुरू झालेली ही गाडी वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जायची. मनमाडला तेव्हा निजामाकडची मीटरगेज होती, मधे मोठी लाइन आणि पाचोऱ्याला ही छोटी. सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन मापांचे रूळ! उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून पलीकडे पीजेत चढायचं, आणि डबा एवढा बुटका की मामा वाकूनच शिरायचे. उजव्या हाताला सगळी वाट अजिंठ्याची रांग सोबत करायची. पहूरला वाघूर नदी, तीच जी वर अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वाहते. गाडी डोंगराकडे बघत बघत जायची पण डोंगरात कधी शिरली नाही. तीही शेवटी आपल्याच घराण्यातली.

फाटकांवर फाटकवाला नसायचा, तो गाडीतच बसलेला असायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, हा गडी उतरून रस्ता बंद करायचा, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबायची, हा फाटक उघडायचा आणि पळत येऊन चढायचा. बाजाराच्या दिवशी माणसं टपावर, दुधाच्या बरण्या दाराला टांगलेल्या. आजीनं एकदा शेवयांचा डबा पाचोऱ्यात फलाटावर विसरला तर गार्डानं सांगितलं, काळजी करू नका मावशी, संध्याकाळच्या फेरीला आणतो. आणला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, गाडी उभी राहिली ती राहिलीच. आता ती लाइन रुंद होऊन बोदवडपर्यंत जाणार आहे. व्हावी. पीजेसाठी गळा काढणाऱ्या मंडळींत मी नाही. 'आमची लाडकी पीजे' म्हणून फोटो टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी शेवटच्या दहा वर्षांत तिचं तिकीट काढलं होतं? मीही नव्हतं काढलं. घाई असली की काळी-पिवळी पकडायचो. बाळंतपणाला जळगाव गाठायचं असेल त्या बाईला अडीच फुटी रुळाचं कौतुक सांगू नये.

माझं दुखणं दुसरं आहे. दोन वर्षांपूर्वी पीजेवर काम केलेल्या माणसांची जुनी हजेरीपुस्तकं कुठे बघायला मिळतील म्हणून मी एका कार्यालयात चौकशी केली. साहेब सज्जन होते, चहा पाजला. म्हणाले, "ते सगळं रद्दीत गेलं हो. छोट्या लाइनीचं कोण ठेवतं?" इंजिन कुठेतरी चौथऱ्यावर रंगवून उभं करतील, त्याच्यापुढे लोक सेल्फी काढतील. पण त्या फाटकवाल्याचं नाव कुठे आहे? टोळीत कोण होतं, कोणत्या तांड्यावरून यायचं, कोणत्या पुलावर कोण गेलं, हे सगळं म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि ते म्हातारे ऐंशीच्या पुढे आहेत.

आणि आता तर खरी गोष्ट घडणार आहे. दीडशे वर्षं डोंगराला वळसे घातल्यावर आपली रेल्वे पहिल्यांदा डोंगराच्या अंगावर जाते आहे. मनमाड–इंदूर मार्ग धुळे, शिरपूर करत सेंधव्याकडे सातपुडा चढणार. हा तोच घाट ज्याच्या बंदोबस्तावर भिल्लांचा नायक खाजा नाईक होता आणि ज्याच्या आडोशानं त्यानं 1857 मध्ये इंग्रजांचा खजिना लुटला. इकडे जालना–जळगाव हा 174 किलोमीटरचा मार्गही 2024 च्याच ऑगस्टमध्ये मंजूर झाला, तो अजिंठ्याची रांग ओलांडणार. जमिनी मोजल्या जातील, बोगदे पडतील, वस्त्या हलतील. पावरा, भिल्ल, बंजारा वस्त्यांमधून रूळ जाईल. तेव्हा कोणाचं शेत गेलं, कोणाला काम मिळालं, कोणत्या स्टेशनाला कुणाचं नाव मिळालं, हे या वेळी तरी जागच्या जागी कुणी लिहून ठेवावं असं मला वाटतं. तीस स्टेशनांची नावं ठरायची आहेत. मागच्या वेळी धुळ्याच्या फाट्यावरच्या एका स्टेशनाला 'मोहाडी परगणे लळिंग' असं नाव ठेवणारा जो कोणी कारकून होता त्यानं नकळत एक अख्खा परगणा जपला. या वेळी सगळीकडे नुसतंच 'रोड' आणि 'जंक्शन' लावू नका म्हणजे मिळवली.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. फोनमध्ये आजवर सहा माणसांचं बोलणं साठवलंय : दोन गँगमन, एक पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा), एक चहावाला, आणि पाचोऱ्याच्या फलाटावर चाळीस वर्षं पेरू विकणाऱ्या दोघी बहिणी. तुमच्या घरात कुणी असेल तर खाली लिहा, मी येईन. शेंदुर्णीला पीजेचे एक जुने ड्रायव्हर आहेत, त्यांच्याकडे रविवारी जायचं ठरलंय. त्यांनी बजावलंय की अकराच्या आत या, जेवण झालं की मी कुणासाठी उठत नाही.