"सात महिन्यांत तुकडा पडला, नुसता पैसे काढायचा धंदा" या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू काल रात्री वाचला. पहिल्यांदा वाचल्यावर रागच आला, खोटं कशाला बोलू. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी परत शांतपणे वाचला तेव्हा लक्षात आलं की यातल्या दोन गोष्टी सरळसरळ आमच्या चुकीच्या आहेत आणि बाकीच्या तशा नाहीत. तुमची फाईल मी इथे चारचौघात उघडणार नाही, ते बरोबर नाही. जे तुम्ही स्वतः रिव्ह्यूमध्ये लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सरांचे वरचे पुढचे सहा दात झिजून आखूड झाले होते, आम्ही कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं, थर देऊन लावायचं फिलिंगचं मटेरियल) ते वाढवले, 21 हजार घेतले. सात महिन्यांनी भडंग खाताना एका दाताचा कोपरा उडाला. सुरुवातीचे तीन महिने मागच्या दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या, भाकरी चावता येईना, आणि आम्ही म्हणालो "नॉर्मल आहे". लिंबूपाण्यावरून त्यांनाच दोष दिला. नाईट गार्डचे (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) वेगळे पैसे लावले. फोन केला तर रिसेप्शनवरून सांगितलं की तुकडा परत बसवायचा चार्ज लागेल. आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की सरळ कॅप बसवायच्या होत्या, हे मटेरियल टिकत नाही.

आधी आमच्या चुका. फोनवर जे सांगितलं गेलं ते चूक. पहिल्या वर्षात असा कोपरा उडाला तर आम्ही पैसे घेत नाही. रिसेप्शनवर नवीन मुलगी होती, तिला हे माहीत नव्हतं, म्हणजे तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. तिच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. दुसरी चूक जास्त मोठी आहे. "नॉर्मल आहे" हे दोन शब्द बोलून मी पुढच्या पेशंटकडे वळले असणार, मला माझी सवय माहितीये. ज्याला तीन महिने भाकरी आमटीत कुस्करून खावी लागते त्याला नॉर्मल म्हणजे काय, का, किती दिवस, हे सगळं आधी बसून सांगायला हवं होतं, आणि कागदावर लिहून द्यायला हवं होतं. तोंडी थोडंफार सांगितलं होतं, पण खुर्चीत आडवं पडून तोंड उघडं असताना ऐकलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

तर आता सांगते. उशिरा का होईना.

दात झिजले की ते नुसते आखूड होत नाहीत, त्यांच्यावर टेकणारे समोरच्या जबड्यातले दात हळूहळू पुढे सरकून ती जागा खाऊन टाकतात. म्हणजे दात अर्धा गेला तरी वर-खालचे दात टेकलेलेच असतात, आणि नवीन मटेरियल लावायला जागाच शिल्लक राहत नाही. मग जागा करायची कशी? एक रस्ता म्हणजे आधीच झिजलेला दात अजून तासायचा. दुसरा रस्ता नॉर्वेतल्या ओस्लोच्या डाल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये छापला. त्यांनी पुढच्या दातांच्या मागे धातूची एक पातळ पट्टी बसवली, त्यामुळे चावताना फक्त पुढचे दात टेकायचे आणि दाढा मोकळ्या राहायच्या. काही महिन्यांत पुढचे दात थोडे आत दबले, दाढा थोड्या बाहेर आल्या, आणि सगळं परत आपोआप टेकायला लागलं. आज धातूची पट्टी फारसं कोणी लावत नाही, कॉम्पोझिटच जरा उंच बांधतात आणि तेच काम होतं. बहुतेकांचं 4 ते 9 महिन्यांत बसतं, काहींना जास्त लागतात.

म्हणजे तुमच्या दाढा टेकत नव्हत्या ती चूक झाली नव्हती, ती ट्रीटमेंटच होती. आम्ही बघतो कसं तर आठ मायक्रॉन जाडीची एक चंदेरी फॉईल असते, चॉकलेटच्या वर्खासारखी, ती दाढांमध्ये धरून "चावा" म्हणायचं आणि ओढायची. पहिल्या महिन्यात ती सुळकन बाहेर येते, आणि ज्या दिवशी अडकते आणि ओढली की फाटते त्या दिवशी मी आणि असिस्टंट दोघी खूश होतो आणि पेशंट आमच्याकडे बघत राहतो की या बायांना झालंय काय. तुम्ही लिहिलंय "आता कुठे जरा चावता येतंय". ते हेच.

आता तुकड्याचं. तुमचा प्रश्न रास्त आहे की एवढे पैसे देऊन सात महिन्यांत का उडावा. माझं उत्तर ऐकून कदाचित अजून राग येईल पण खरं तेच आहे: हे मटेरियल कधी ना कधी उडणार, झिजणार, हे धरूनच आम्ही ते वापरतो.

लंडनच्या ईस्टमन हॉस्पिटलमधल्या लोकांनी 2000 मध्ये 16 पेशंटच्या 104 अशा फिलिंगचा रिझल्ट छापला, सरासरी 30 महिन्यांनी त्यातली 93 शाबूत होती. ऐकायला छान वाटतं. पण पुढे 2011 मध्ये दहा वर्षांचा हिशोब आला, 26 पेशंट, 283 फिलिंग, आणि बारीकसारीक कोपरा उडणं पण फेल धरलं तर निम्मी फिलिंग सहा वर्षं व्हायच्या आत कधीतरी दुरुस्तीला आलेली, मधला आकडा 5.8 वर्षं. लिव्हरपूलचा 2016 चा अभ्यास त्याहून मोठा, 164 पेशंट, 1010 फिलिंग, त्यात पहिल्याच वर्षात फेल व्हायचं प्रमाण साधारण 5.4 टक्के. म्हणजे शंभर फिलिंगमधली पाच-सहा वर्षाच्या आत माझ्या दारात परत येणार. तुमचं एक त्यातलं निघालं. पाच टक्के हा आकडा मला कमी वाटतो, ज्याचा दात उडाला त्याला तो शंभर टक्केच असतो, हेही कळतं मला.

आणि हो, दाढांवर हे मटेरियल एवढं चांगलं चालत नाही असंही दिसलंय, 2006 च्या लंडनच्याच एका अभ्यासात झिजलेल्या दाढांवरची जवळपास निम्मी फिलिंग तीन वर्षांत तुटली किंवा निघून आली. पेशंट थोडे होते त्यात, नंतरचे काही रिझल्ट बरे आहेत, पण तेव्हापासून बरेच जण दाढांच्या बाबतीत जपून असतात आणि मीही असते. जे टिकणार नाही वाटतं ते मी विकत नाही, एवढंच सांगायचंय.

मग कॅप का नाही? ज्या डॉक्टरांनी तुम्हाला कॅप सांगितली त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही, कॅप मीही बसवते, चांगली बसवली तर वर्षानुवर्षं चालते. पण कॅपसाठी दात चारी बाजूंनी तासावा लागतो. 2002 मध्ये वजन करून मोजलेलं आहे, पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागाचा 63 ते 72 टक्के भाग कापला जातो. हे धडधाकट दाताचं. ज्याचा निम्मा दात आधीच झिजून गेलाय त्याचा उरलेला तासायचा म्हणजे काय उरणार, आत नस आहे, ती दुखावली की रूट कॅनाल, आणि पुढे कधी कॅप तुटायची वेळ आली तर बरेचदा कॅप एकटी तुटत नाही, खालचा दात घेऊन तुटते.

माझे आजोबा बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारून आणायचे. पत्री झिजते, कधी दगडावर आपटून उडते, परत मारायची, पण खूर शाबूत राहतो. कॉम्पोझिट म्हणजे ती पत्री आहे. तुमचा उडाला तो कोपरा माझा होता, तुमचा दात जसा होता तसा खाली आहे, कारण आम्ही तो तासलेलाच नाही. नुसता 37 टक्के फॉस्फोरिक अॅसिडने पंधरा-वीस सेकंद खरखरीत केला, बाँड (दाताला मटेरियल चिकटवणारं द्रव्य) लावलं आणि वर थर चढवले. ही अॅसिडची युक्ती 1955 ची, अमेरिकेतल्या बुओनोकोरे नावाच्या डेंटिस्टची.

लिंबूपाण्याचं. तुम्ही लिहिलंय की वीस वर्षं सकाळी उठून लिंबूपाणी पितो, तब्येत ठणठणीत, आणि डॉक्टरांनी त्यालाच नावं ठेवली. सर, पोटाला ते चांगलं असेल, मी दातांची डॉक्टर आहे. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच जेवढा कमी तेवढं अॅसिड जास्त) आणि लिंबाचा रस 2 ते 2.5 च्या आसपास असतो, पाणी घातलं तरी 5.5 च्या जवळपास येत नाही. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ना, ते रोज सकाळी, वीस वर्षं. आणि वरून लगेच ब्रश. मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा. सोडा असं मी कधीच म्हणत नाही, म्हटलं तरी कोण सोडतंय, एवढंच की घोट घोट करत अर्धा तास पिऊ नका, पटकन प्या, वर साधं पाणी खळखळून टाका, आणि ब्रश लिंबूपाण्याच्या आधी करा. कॉम्पोझिटला त्या अॅसिडचं फारसं काही होत नाही, पण त्याच्या कडेचा दात विरघळत राहतो आणि मग फिलिंगची कड उघडी पडते. दोष द्यायचा नव्हता. माझ्या बोलण्याचा टोन तसा गेला असेल तर सॉरी.

नाईट गार्ड सहा दातांच्या पॅकेजमध्ये धरला नव्हता हे खरं, तो लॅबमधून बनून येतो. एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ होती, पण ती खाली बारीक अक्षरात होती, मी आज काढून बघितलं, चष्मा लावून. नवीन एस्टिमेटमध्ये ती वरती आणि मोठ्या अक्षरात घेतलीय. मात्र गार्ड धंद्यासाठी आहे हे मला मान्य नाही. जो माणूस झोपेत दात खातो त्याने स्वतःचं इनॅमल घासून संपवलंय, ते शरीरातलं सगळ्यात कठीण मटेरियल, तिथे माझ्या कॉम्पोझिटची काय कथा. गार्ड झिजला तर झिजू दे, तो त्यासाठीच आहे. तो डबीत ठेवून झोपलं तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल :)

भडंगावर बंदी नाही. सांगलीत राहून भडंग खाऊ नका म्हणणारा डेंटिस्ट उपाशी मरेल. शेंगदाणे मागच्या दाढांनी खा, पुढच्या दातांनी सुपारी, नखं, दोरा, पिशवीची गाठ असलं काही तोडू नका.

दुरुस्तीला किती वेळ लागतो तेही सांगते, कारण "परत सगळं पहिल्यापासून" अशी भीती तुम्ही लिहिलीय. परत काही करायचं नाही. तुटलेली कड बारीक पावडरच्या फवाऱ्याने खरखरीत करायची, सायलेन (जुन्या कॉम्पोझिटला नवीन धरून ठेवायला मदत करणारं द्रव्य) आणि बाँड लावायचं, नवीन थर, लाईट, मग निळ्या कागदावर चावून बघायचं कुठे जास्त लागतंय, तेवढं घासून पॉलिश. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात होतं, इंजेक्शनसुद्धा लागत नाही. कॅपचा पोर्सेलीनचा तुकडा उडाला असता तर तोंडात इतकं सरळ बसवता आलं नसतं. तो कोपरा जिथे उडालाय तिथेच चावताना जास्त भार येतोय का हेही बघायचंय मला, तसं असेल तर बांधणीत माझं काहीतरी राहिलंय आणि मग ते आधी नीट करायला लागेल, नाहीतर परत तिथूनच उडेल.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलंत ते चांगलं केलंत, त्यांच्याकडेच करायचं असेल तर तुमचे आधीचे फोटो, एक्स-रे आणि दातांचे साचे मी देते, त्याचे पैसे नाहीत. इथे यायचं असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर या, त्या वेळेला गर्दी कमी असते, अपॉइंटमेंटची गरज नाही, रिसेप्शनवर सांगून ठेवलंय आणि यावेळी लिहूनही ठेवलंय. येताना नाईट गार्ड घेऊन या. डबीतून काढून, आणि वापरला नसला तरी खरं सांगा, मी ओरडणार नाही.