फटक्यांचं श्रेय

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने लिहिलं, ‘वडिलांचे चार फटके बसले म्हणून आम्ही माणसात आलो. आता काय, पोराला हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, त्याच्या भावना विचारत बसायचं. ही सगळी फॉरेनची थेरं.’ खाली सांगलीपासून पुण्यापर्यंतच्या सगळ्यांचे अंगठे. त्याने माझं नाव घेतलं नव्हतं, पण त्या ग्रुपवर फॉरेनात राहणारा मी एकटाच आहे.

तेव्हापासून मी मनातल्या मनात दादाशी भांडतोय. ट्रामची वाट बघताना, मुलीची चिखलाने भरलेली विजार नळाखाली धुताना, रात्री झोप येत नाही तेव्हा.

दादा, इथल्या लोकांना हे काही आभाळातून मिळालेलं नाही. इथलेही बाप पोरांना बडवायचे. १९७९ साली स्वीडनने घरातसुद्धा मुलांना मारायला कायद्याने मनाई केली. जगात असं करणारा हा पहिला देश. त्या कलमात मारणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेलीच नव्हती. लोकांची समजूत बदलायची होती. मुलं असलेल्या घरांत पत्रकं गेली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला गेला, म्हणजे सकाळी टेबलावर आईबाप आणि पोरं मिळून तो वाचतील, त्यावर बोलतील. आज माझ्या मुलीच्या दागिसमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, पोरांना न्यायला येणारे आईबाप त्या दुधावर वाढलेल्यांची मुलं आहेत.

त्या दागिसमधलं एक दृश्य मी विसरू शकत नाही. नोव्हेंबर होता, साडेतीनलाच अंधारून आलं होतं. एक पोरगा दुसऱ्याच्या हाताला कडकडून चावला. बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि थांबल्या. त्याचं रडणं ओसरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, ‘नाही. चावायचं नाही.’ मुलीचे हातमोजे कुठे वाळत घातलेत हे मला ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. आणि बाई नि तो पोरगा मिळून, ज्याला तो चावला होता त्याच्या हातासाठी बर्फाची पिशवी आणायला गेले. याला लाड म्हणणाऱ्याने ते ‘नाही’ ऐकायला हवं होतं. इतका ठाम नकार मी लहानपणी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आमच्याकडे नकार हाताने यायचा, आणि हात दमला की संपायचा.

मारल्याने मूल काय शिकतं? मारायला शिकतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याच म्हाताऱ्या माणसांनी सांगून ठेवलंय. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांसमोर मोठ्या माणसाला एक हवा भरलेली बाहुली बडवायला लावली. नंतर बाहुलीसोबत सोडल्यावर त्यातल्या बऱ्याच मुलांनी तिला तसंच बडवलं आणि त्या माणसाने काढलेले शब्दही तसेच उचलले. हे शब्दांचं मी मुद्दाम सांगतोय.

आणि फॉरेनची थेरं कशी? आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना कुणी ओढत आणलं नाही. अंगणवाडी पाड्यावर गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. हे त्या दुधाच्या खोक्यांच्या कितीतरी आधीचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने आपल्याकडेही शाळेत मारायला आणि मुलांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. घराचा उंबरठा तेवढा राहिला.

मान्य आहे, मला सोयी आहेत. मूल झालं की आईबापांना मिळून मिळणाऱ्या ४८० दिवसांच्या रजेतला माझा वाटा मला मिळाला, मुलगी तापली की वाब, म्हणजे आजारी मुलासाठीची रजा, घेऊन घरी बसता येतं. दादा सकाळी सातला दुकान उघडतो, वहिनी बसने मिरजेला नोकरीला जाते. गुडघ्यांवर बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? पण मग वेळ नाही, जीव थकतो, असं म्हणावं. मी ते ऐकून घेईन. फटक्याला संस्कार म्हणू नये.

एवढं सगळं लिहून पाठवायचं ठरवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी मुलगी तिच्या अस्वलाशी खेळत होती. एरवी ती त्याच्याशी स्वीडिश बोलते. एकदम आवाज बदलला, बोट वर झालं आणि मराठीत म्हणाली, ‘किती वेळा सांगायचं तुला? कळत नाही का?’ उच्चार स्वच्छ, थेट सांगलीचा. माझाच. मी तिला कधी हात लावलेला नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पण समजूत काढायचे शब्द मी इथे येऊन, स्वीडिशमध्ये शिकलो, म्हणून तिला जवळ घेऊन बोलतो ते स्वीडिशमध्ये. घाई झाली, राग आला, की तोंडातून मराठी येतं. पाच वर्षं तिने माझ्याकडून मराठी घेतली ती अशी.

जूनमध्ये आम्ही सांगलीला जाणार आहोत. तिने विचारलं, ‘तिथे सगळे मराठीच बोलतात?’ मी हो म्हणालो. ‘मग तिथे सगळे सारखे रागावलेले असतात?’

त्या रात्री मी आईला फोन लावला. विचारलं, मी पडून आलो, मार खाऊन रडत बसलो, की तू काय म्हणायचीस? ती म्हणाली, ‘आता काय ते! उगी उगी म्हणायचे. कुठं लागलं माझ्या सोन्याला, म्हणायचे. तू काय नि तुझा दादा काय. काकांनी मारलं की तो पळत माझ्याकडे यायचा, तासभर मांडीवरून उठायचा नाही.’

दादाला फटके आठवतात. ती मांडी त्याने मेसेजमध्ये लिहिली नाही, आणि इतकी वर्षं मलाही आठवली नव्हती.

काल ट्राममधून उतरताना मुलीचा गुडघा फुटला. मी खाली बसलो आणि म्हणालो, ‘उगी उगी. कुठं लागलं?’ ती रडता रडता थांबून माझ्याकडे बघत राहिली. मग स्वीडिशमध्ये विचारलं, बाबा, उगी म्हणजे काय?