ऑर्केस्ट्रा कुठला, टेपच्या फिती आहेत त्या!

'मूडी ब्लूज' या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६७ सालच्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' या अल्बमवरचा एक फॉरवर्ड तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. तीनदा गप्प बसलो. काल भाचा त्यातल्याच एका गाण्याबद्दल म्हणाला, "मामा, 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' गॅदरिंगमधून काढलं. त्याला अख्खा ऑर्केस्ट्रा लागतो म्हणे." आता मात्र लिहिणं आलं.

फॉरवर्ड म्हणतो, या गाण्यात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा पहिल्यापासून बँडसोबत वाजतो. साफ खोटं. कडव्यांमागे जी व्हायोलिनं ऐकू येतात, ती बँडच्या कीबोर्डवाल्या माइक पिंडरचा मेलोट्रॉन आहे. दिसायला पेटीचा थोरला भाऊ. प्रत्येक पट्टीला टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या वाद्याचा एकच सूर. पट्टी दाबली की फीत सरकते, जेमतेम आठ सेकंदांत संपते. बोट उचललं की परत जागेवर. म्हणून तर तो सूर किंचित थरथरतो. पिंडर हे वाद्य बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काम केलेला माणूस; त्याची नस न् नस त्याला ठाऊक. ते सगळं श्रेय कुणा सिंफनीला देऊन मोकळे!

ऑर्केस्ट्रा अल्बमात आहे, हे कबूल. पण तो संगीत-संयोजक पीटर नाइटचा, नाव 'लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा', आणि वेगळा ध्वनिमुद्रित केलेला. तो मुख्यतः गाण्यांच्या अधल्यामधल्या जागा भरतो. या गाण्यात येतो तो जास्त करून शेवटी.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, 'रॉकमध्ये ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा इथेच'? त्याच वर्षी आधी आलेलं बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ' ऐका.

डेक्का या रेकॉर्ड कंपनीने द्वोर्झाक या जुन्या संगीतकाराची सिंफनी मागितली आणि पोरांनी गुपचूप स्वतःची गाणी केली, ही कथा बँडवाल्यांनीच वर्षानुवर्षं सांगितलीय, त्यामुळे फॉरवर्डवाल्याला एकट्याला काय बोलणार! पण ध्वनिमुद्रण करणारे डेरेक वार्नल्स म्हणतात, असं काही ठरलंच नव्हतं. खुर्चीवर बसलेला माणूस तो. मी त्याचं ऐकतो.

राहिलं अल्बम 'आजही तितकाच ताजा' हे फॉरवर्डचं शेवटचं वाक्य. अहो, मूळ टेपच इतकी खराब झाली की १९७८ मध्ये नव्याने मिक्स करावं लागलं, आणि पुढे कित्येक वर्षं सीडीवर तेच विकलं गेलं! गाणी टिकलीत, अगदी मान्य. मधले ऑर्केस्ट्राचे तुकडे मात्र आज जुन्या सिनेमाच्या श्रेयनामावलीसारखे वाटतात, आणि अल्बमच्या शेवटी वाचलेली कविता मी दर वेळी पुढे ढकलतो.

भाच्याला सांगितलंय, कीबोर्डवर स्ट्रिंग्ज लाव आणि आठ सेकंदांच्या आत बोट उचल. गाण्यात मधे बासरी आहे, तिच्यासाठी बासरीवाला तेवढा चांगला शोध.