तारखांचा कीस का काढतो: 'आर्यन'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका,

('पंचाहत्तरीतला पेठकर' अशी सही तुम्हीच केलीत, म्हणून काका म्हणतोय.)

पुण्याच्या मंडईजवळच्या आर्यन या जुन्या सिनेमा थिएटरवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मग सविस्तर झोडपलात. न वाचता 'छान लेख' म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांपेक्षा हे केव्हाही बरं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा मूकपट तिथे १९२० ला लागला की १९२१ ला, यानं कुणाचं काय अडलंय, प्रभात थिएटरच्या गोष्टीत मी किब्यांचं नाव उगाच घुसडलंय, आणि पेठेत घरोघरी जुनी माणसं असताना मी 'कात्रणं चिवडत' बसलोय.

तारखेपासूनच सुरू करतो, कारण तुमचा खरा राग तिच्यावर आहे.

तुम्हीच लिहिलंय की 'सैरंध्री' पाहून लोकमान्यांनी बाबूराव पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मान्य. पण काका, लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० ला. 'काय अडलंय' म्हणून सिनेमा १९२१ चा धरला, तर ती पदवी दिली कुणी? ७ फेब्रुवारी १९२० ही तारीख घट्ट धरली तरच तुमची ही आवडती गोष्ट उभी राहते. म्हणजे तो कीस मी तुमच्याच बाजूनं काढत होतो.

आता त्या तारखेचा वार बघा. शनिवार. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' मुंबईत कॉरोनेशनला लागला १८ मे १९१२ ला, शनिवारी. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तिथेच ३ मे १९१३ ला, शनिवारी. (त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पियात निमंत्रितांचा खेळ झाला, तो सोमवारी. पाहुण्यांना कुठलाही वार चालतो, तिकीट काढणाऱ्यांना नाही.) 'आलम आरा' मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१, 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२, पुन्हा शनिवारच. आपल्याला वाटतं सिनेमा शुक्रवारी लागणं ही जगरहाटीच आहे. 'मुघल-ए-आझम' आणि 'शोले' शुक्रवारचे आहेतच, पण आपल्या आजोबांच्या पिढीनं हे सगळे सिनेमे शनिवारी लागताना पाहिले. मला आजवर भेटलेल्या एकाही म्हाताऱ्या माणसानं हे आपणहून सांगितलेलं नाही. लक्षात राहण्यासारखं त्यात काही नव्हतंच. हे कळायला तारखाच एकाखाली एक मांडाव्या लागतात.

या वाराचा आमच्या जुने कागद धुंडाळण्याच्या धंद्यात उपयोगही आहे. जुन्या हँडबिलावर पुष्कळदा साल छापलेलं नसतं. छापणाऱ्याला काय, आठवड्यानं ते भेळेखालीच जायचं. समजा, हातात आलं 'शनिवार ता. ७ फेब्रुवारीपासून, रोज तीन खेळ'. आर्यन सुरू झालं १९१५ साली. तिथून पुढच्या वीस वर्षांत ७ फेब्रुवारीला शनिवार आला तो १९२०, १९२५ आणि १९३१ मध्ये. तीनच सालं उरली. मग तिकिटाच्या दरापुढे कराचा उल्लेख आहे का बघायचं, कारण मुंबई इलाख्यात करमणूक कर आला १९२३ मध्ये. असेल तर १९२० बाद. इतकं झालं की ग्रंथालयात जाऊन 'ज्ञानप्रकाश' या जुन्या दैनिकाची नेमकी फाइल मागता येते. 'केसरी' १९६२ पर्यंत दैनिक नव्हता, आणि मूकपटांचे खेळ तर भराभर बदलायचे, त्यामुळे साप्ताहिकाच्या दोन अंकांच्या मध्ये एखादा सिनेमा लागून उतरलेलाही असतो. कात्रणं चिवडायची ती अशी. मला तरी त्यात मजा येते.

प्रभातचं थोडक्यात. अप्पा बळवंत चौकाजवळची ती इमारत इंदूरच्या सरदार किब्यांची, १९३४ ची. 'प्रभात' फिल्म कंपनीकडे ती भाड्यानं होती. पिढ्यान् पिढ्या पाटीवर 'प्रभात' वाचलं, म्हणून ते कंपनीनं बांधलं असं सगळ्यांना वाटतं, यात कुणाचा दोष नाही. २०१४ अखेरीस करार संपला, वास्तू किब्यांकडे परत गेली आणि 'किबे लक्ष्मी' हे नाव पाटीवर आलं. तेव्हा नाव मी घुसडलं नाही, ते मिळकत पत्रिका बघणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. तुम्ही त्याला प्रभातच म्हणा. रिक्षावाल्याला मीही प्रभातच सांगतो.

आता जुनी माणसं. तुमचे वडील आठ वर्षांचे असताना आर्यनला जमिनीवर बसून 'सैरंध्री' बघत होते, पडद्यापुढे पेटी-तबला चालू होता आणि कीचकाचं मुंडकं उडालं तेव्हा बायका किंचाळल्या, असं तुम्ही लिहिलंय. हे मी एका शब्दाचीही काटछाट न करता घेईन. कुठल्याही जाहिरातीत ते सापडणार नाही. परवान्याच्या कागदावर खुर्च्या किती, दारं किती, आग विझवायच्या बादल्या किती हे असतं. डोअरकीपर कुणाला फुकट सोडायचा, ते नसतं.

पण विचारायची एक रीत असते. 'कुठल्या साली?' असं विचारलं की माणूस अंदाजानं आकडा ठोकतो आणि पुढे त्याच आकड्याला चिकटून बसतो. त्याऐवजी कितवीत होतात, तिकीट किती आण्यांचं, सोबत कोण, घरी येताना रस्त्यावर दिवे कसले होते, हे विचारावं. पुण्यात तर पानशेतच्या आधी की नंतर, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. १२ जुलै १९६१ कुणी विसरत नाही. फक्त कागद मागितले की हेच पानशेत आडवं येतं. जिथे पुराचं पाणी शिरलंच नाही अशा घरांतलीही दप्तरं पुरात वाहून गेलेली मी ऐकली आहेत!

आणि लोकांचे शब्द कागदातही असतात, काका. १९२७-२८ मध्ये सरकारनं सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या रंगाचारी समितीनं देशभर फिरून साक्षी नोंदवल्या, त्याचे जाडजूड खंड आहेत. थिएटरवाले, वितरक, खुद्द फाळके त्यात बोलतात. आपलं गिऱ्हाईक काय बघतं, कुठल्या दराला बसतं, कुरकुर कशाची करतं, सगळं सवाल-जबाबात. नाटकासारखं वाचता येतं.

आर्यन १९८३ ला बंद झालं, तेव्हा तुम्ही तिशी ओलांडलेली. म्हणजे तुम्ही आत बसलेला आहात, मी नाही. आज तिथे गाड्या लावतात. मला तिकीटबारी कुठल्या अंगाला होती, पिटाचं (पडद्याजवळच्या स्वस्त जागांचं) दार वेगळं होतं का आणि मध्यंतरात माणसं चहाला बाहेर नेमकी कुठे यायची, एवढं हवंय. जमल्यास चौकटी आखून कागदावर काढा, माप चुकलं तरी चालेल. वडिलांच्या ट्रंकेत गाण्यांची पुस्तकं आहेत असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. त्यांचे फोटो पाठवाल तेव्हा मुखपृष्ठाबरोबर मागचं पानही काढा. विकणाऱ्या थिएटरचा रबरी शिक्का असलाच तर तिथे असतो.