निवटी बेडूक होत नाही

खाडीच्या चिखलावर टणाटण उड्या मारणाऱ्या निवटी या छोट्या माशाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. खाली मजकूर असा: ‘हा अर्धा मासा, अर्धा बेडूक. याला फुप्फुसं फुटली आहेत. आपले पूर्वज असेच पाण्याबाहेर आले. घाण खातो म्हणून विषारी.’ चार वाक्यं, चारही चुकीची.

बेडूक बहुधा त्या डोक्यावरच्या बटबटीत डोळ्यांमुळे आठवला असावा. पण बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात. निवटी पुढच्या दोन परांवर अंग रेटत चालते आणि शेपटीच्या झटक्याने उडते. ती जन्मते मासा, मरते मासा.

फुप्फुसं तिला नाहीतच. ओली कातडी, तोंडाचं आतलं अस्तर आणि कल्ल्यांचे कप्पे यांतून ती हवेतला प्राणवायू घेते. त्यासाठी अंग ओलं हवं, म्हणून सारखी डबक्यात लोळते. डोळेसुद्धा खोबणीत ओढून ओले करून घेते. थोडक्यात, जमिनीवर येताना ती पाणी सोबत आणते. बिळात नेमकं उलट! चिखलातल्या बिळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिथे हवा न्यावी लागते. जपानकडच्या एका जातीत अंडी बिळातल्या हवेच्या कप्प्यात, छताला चिकटवलेली असतात. नर ओहोटीला तोंडात हवा भरभरून आत नेतो. अंडी फुटायला तयार झाली की रात्रीच्या भरतीत तीच हवा तोंडाने बाहेर काढतो. पाणी चढतं आणि पिल्लं बाहेर पडतात. बाप असावा तर असा.

पूर्वजांचं म्हणाल, तर चौपाये, म्हणजे पुढे आपणही, आले ते मांसल परांच्या माशांपासून, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी. निवटी गोबी नावाच्या माशांच्या गटातली, म्हणजे वेगळ्याच फांदीवरची. तिने जमिनीची वाट स्वतंत्रपणे काढली.

आता विष. आपल्या खाड्यांतली निळ्या ठिपक्यांची निवटी डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खरवडून खाते. दुसऱ्या काही जाती किडे नि छोटे खेकडे धरतात. कोळी-आगरी घरांत निवट्यांचं कालवण पिढ्यान्‌पिढ्या शिजतंय. कारखान्यांच्या सांडपाण्याची भीती मात्र खरी आहे: मोठी झालेली निवटी खाडीच्या चिखलातच राहते, त्यामुळे त्यात उतरलेले जड धातू तिच्या अंगात साठू शकतात. व्हिडिओखाली एवढं लिहिलं असतं, तर मीही तो पुढे पाठवला असता.